अकरा वह्या

लालबागची खोली विकून आम्ही भाईंदर पूर्वेला आलो ते २००१ साली. दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी २००२ मध्ये, इथली नगरपरिषद जाऊन मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली. त्याच सुमारास मी वाचलेल्या पुस्तकांची वही ठेवायला लागले. पुस्तकाचं नाव, लेखक, कुठून आणलं आणि खाली दोन-चार ओळी. गेल्या महिन्यात माळा आवरताना त्या सगळ्या वह्या हाती लागल्या. अकरा भरल्या. पुढचा आठवडाभर मी दुसरं काही वाचलंच नाही.

पहिल्या दोन वह्यांत नुसता अधाशीपणा आहे. नोकरी दादरला होती आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय तिथून चालत जाण्याजोगं. ‘कोसला’, ‘चक्र’, ‘माहीमची खाडी’, ‘वासूनाका’, मोठ्यांनी नावाजलेलं सगळं मी भराभर वाचत होते. ‘कोसला’समोर मी फक्त ‘भाषा वेगळी’ असं लिहून ठेवलंय. नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलेली ती कादंबरी मी बाविशीत वाचली आणि मला सांगण्यासारखं एवढंच सापडलं. पंधरा वर्षांनी तिच्यावर मी सहा पानं लिहिली, तीही अपुरी वाटतात.

२००४ च्या वहीत मात्र एका पुस्तकाची नोंद तीन आठवडे चालू आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. सकाळची भाईंदर लोकल इथूनच सुटते, पण दहिसर-मीरा रोडच्या बायका डाउन येऊन आधीच बसलेल्या असतात. त्या दिवशी मला चौथी सीट मिळाली होती. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचा भाग वाचताना मला हसू आवरेना. शेजारी मेथी निवडत बसलेल्या ताईंनी विचारलं, ‘‘काय गं, एकटीच काय हसतेस?’’ मी तो भाग त्यांना वाचून दाखवला. समोरच्या दोघी पुढे वाकल्या. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी खिडकी राखून ठेवलेली, आणि ‘‘काल टिळक कुठे निघून गेले होते?’’ हा प्रश्न तयार. लग्नानंतर हळूहळू लिहा-वाचायला शिकलेल्या बाईनं सांगितलेलं आयुष्य, छापून सत्तर वर्षं झालेलं, बोरिवली ते अंधेरीच्या गर्दीत आठ-दहा जणी कान देऊन ऐकत होत्या. अभिजात कशाला म्हणतात यावर मी नंतर बरेच लेख वाचले. माझ्यापुरतं उत्तर मला त्या डब्यात मिळालं होतं.

चौथ्या वहीची शाई पसरलेली आहे. २६ जुलै २००५. आम्ही तळमजल्यावर. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आमच्या घरात पाणी दिवाणाच्या वर आलं. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं फुगून इतकी घट्ट बसली होती की उपसून काढताना पुठ्ठे हातात आले. आई दोरीवर साड्या वाळत घालावी तशी पुस्तकं मधोमध उघडून घालत होती आणि पानापानात वर्तमानपत्राचे तुकडे सरकवत होती. ‘बनगरवाडी’ वाचली. ‘बलुतं’चं फक्त मधलं अंग उरलं. ती प्रत मी अजून टाकलेली नाही.

या काळात मी लिहायलाही लागले होते. दिवाळी अंकासाठी चाळीवर एक कथा पाठवली, ती परत आली. संपादकांनी सोबत लिहिलं होतं की ही चाळ पुस्तकांतून आलेली दिसते. मी चाळीत जन्मलेली, मला ते फार लागलं. पण खरं होतं. गॅलरी, सार्वजनिक नळ, गणपती, सगळं दुसऱ्यांच्या पानांवरून उचललेलं होतं.

त्या कोंडीतून मला बाहेर काढलं जयंत पवारांनी. ‘अधांतर’ हे त्यांचं नाटक १९९७ चं. मी ते उशिरा वाचलं आणि मग ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा कथासंग्रह, ज्याला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानं अडीच लाख गिरणी कामगारांचं काय केलं, हे मला आकड्यांत ठाऊक होतं. पवारांनी संपानंतरची घरं दाखवली. ते वाचताना ध्यानात आलं की ही माणसं पुढे गेली कुठे, तर नालासोपारा, विरार, डोंबिवलीला, आणि माझ्या बिल्डिंगमध्ये. खोली विकायची, भावाभावांत वाटे करायचे, हाती आलं त्यात खाडीच्या अलीकडे-पलीकडे वन रूम किचन घ्यायचं. आम्हीही तेच केलं होतं. मी मात्र लालबाग लालबागमध्येच शोधत बसले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये पवार गेले, तेव्हा नवव्या वहीचं एक पान मी कोरं सोडलं.

‘लीळाचरित्र’ मी सर्वांत उशिरा वाचलं, टाळेबंदीत. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या त्या ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जाऊन, एकेकाला विचारून. तेराव्या शतकातलं हे काम मला आजच्या कुठल्याही कथालेखकाच्या टेबलाइतकं जवळचं वाटलं. टाळेबंदी उठल्यावर मीही वही घेऊन बिल्डिंगमधली दारं वाजवायला लागले. कुठली चाळ, कुठली गिरणी, कुठलं खातं.

दरम्यान मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. जुलै २०२५ मध्ये मीरा रोडला मराठीसाठी मोर्चा निघाला. रस्त्यावरची ती गर्दी बघताना मला आनंद झाला आणि हुरहुरही लागली. २०११ च्या जनगणनेतच ८ लाखांवर गेलेलं हे शहर, पण इथली, या बिल्डिंगांमधली गोष्ट अजून किती थोडी लिहिली गेली आहे.

तिसऱ्या मजल्यावरचे काका साचाखात्यात होते. साच्यांच्या आवाजात शब्द ऐकू येत नसे, म्हणून ते ओठांकडे बघून बोलणं ओळखायला शिकले. आता कानही गेलेत. त्यांना काही वाचून दाखवायचं तर नीट समोर बसून, तोंड वर करून वाचावं लागतं. परवा माझी नवी कथा मी त्यांना अशी वाचून दाखवली. गिरणीतला बाप पहिली पाळी करून पाच वाजता घरी येतो, अशी सुरुवात आहे. काकांनी तिथेच हात वर केला.

‘‘पोरी, पहिली पाळी साडेतीनला सुटायची. गिरणीपासनं चाळ दहा मिनिटांवर. मग एवढा वेळ तुझा माणूस होता कुठं?’’

मी वेळ बदललेली नाही. तो सव्वा तास लिहायला घेतला आहे.