पाळीव प्राण्याचा निरोप : एका प्रश्नात दडलेले दोन प्रश्न

समोर बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरी म्हातारं कुत्रं किंवा आजारी मांजर आहे, हे मघाशी चहाच्या वेळी कळलं. म्हणून प्रस्तावना टाळतो.

दवाखान्यात शेवटी शेवटी मला एकच प्रश्न विचारला जातो. 'डॉक्टर, आता काय करायचं?' या एका प्रश्नात दोन प्रश्न असतात. उपचार थांबवायचे का, हा पहिला. इंजेक्शन देऊन आयुष्य संपवायचं का, हा दुसरा. या दोन्हींची गल्लत झाली की घरात भांडणं होतात. मुलगा म्हणतो, 'आता त्याला त्रास नको.' त्याला म्हणायचं असतं की सलाईन बंद करा. आईला मात्र ऐकू येतं, 'मारून टाका.' मग दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नाही, आणि ते बिचारं कोपऱ्यात धापा टाकत असतं.

आपण येरवड्यात बसलोय, तर या दोन्ही प्रश्नांची उदाहरणं एकाच माणसाच्या आयुष्यातून देतो. माणूस आणि जनावर मला एका तागडीत तोलायचे नाहीत. फक्त निर्णयाकडे कसं जायचं, ते बघा.

पहिलं उदाहरण इथलंच, आगाखान महालातलं. फेब्रुवारी १९४४. कस्तुरबा स्थानबद्धतेत होत्या आणि अगदी शेवटच्या आजारात होत्या. पेनिसिलिन तेव्हा दुर्मिळ होतं, ते विमानानं मागवलं. मुलगा देवदास यांची फार इच्छा होती की ते द्यावं. गांधीजींनी विचारलं, हे देतात कसं? दर काही तासांनी टोचावं लागेल असं कळल्यावर त्यांनी नको म्हटलं. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. तो निर्णय बरोबर होता का, यावर वाद घालता येईल, आणि मुलाची बाजूही मला समजते. पण हा निर्णय उपचार थांबवण्याचा होता. जीव घेण्याचा नव्हता.

दुसरं उदाहरण १९२८चं, साबरमती आश्रमातलं. एक वासरू इतकं आजारी होतं की त्याला कूस बदलतानाही यातना व्हायच्या. उपचार झाले, डॉक्टरांनी हात टेकले. गांधीजींनी आश्रमातल्या सहकाऱ्यांशी चर्चा केली. जो जीव आपण देऊ शकत नाही तो घ्यायचा कसा, असा आक्षेप आलाच. गांधीजींचं उत्तर थोडक्यात असं, की स्वार्थासाठी जीव घेणाऱ्याला हा आक्षेप लागू पडेल, पण इथे कोणाचा स्वार्थ आहे? एका पारशी डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं. गांधीजींनी हे लपवलं नाही. 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'त लिहिलं आणि संतापलेल्या पत्रांना उत्तरंही देत बसले.

या गोष्टीत मी इंजेक्शनपेक्षा त्याच्या आधी काय काय झालं याला महत्त्व देतो. उपचार झाले, जाणकाराचं मत घेतलं, घरातल्यांशी बोलणं झालं, आणि मग स्वतःचा स्वार्थ तपासला. आता हा स्वार्थ दोन्ही बाजूंनी असतो बरं का. घाण काढायचा कंटाळा आला, परदेशी जायचंय, म्हणून घाई करणारे लोक असतात. त्यांना मी सरळ नाही म्हणतो. पण माझ्याकडे जास्त येतात ते दुसरे. 'आम्हाला सोडवत नाही हो.' प्रेम खरं असतं, शंका नाही. पण त्या वाक्यात कुत्रं कुठे आहे? सगळं 'आम्हाला'च आहे.

कुत्र्याकडे बघायचं कसं? जनावर दुखलं की ओरडतं असा समज आहे, तो सोडा. जुनं दुखणं गप्प असतं. मांजर पलंगाखाली जाऊन बसतं, अंग चाटणं सोडतं. कुत्रं बसल्याबसल्या भराभर श्वास घेतं, रात्री जागा बदलत फिरतं, दाराची बेल वाजली तरी उठत नाही. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी यासाठी एक मोजपट्टी केली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. आकड्याला फार चिकटू नका. फायदा असा की घरातल्या प्रत्येकानं वेगवेगळे गुण लिहिले, की भांडण 'तू निर्दयी' वरून 'तू भुकेला सहा का दिलेस' वर येतं. साधं कॅलेंडर घेऊन वाईट दिवसावर फुली मारली तरी चालतं.

पैशाचंही बोलू, कारण ते कुणी बोलत नाही. परवडत नाही म्हणून मोठी शस्त्रक्रिया केली नाही, यात पाप नाही. पण उपचार थांबले तरी वेदनाशामक थांबत नाही, आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं. घरातलं पॅरासिटामॉल मांजराला दिलं तर जीव जातो.

प्रत्यक्ष काय होतं तेही सांगतो, कारण भीती बहुधा तिथेच असते. आधी शांत करणारं औषध देतात, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही सेकंदांत शुद्ध जाते, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा मोठा श्वास किंवा स्नायूंची उडी दिसू शकते, लघवी होऊ शकते. तेव्हा त्याला काहीही जाणवत नसतं. जवळ थांबायचं की नाही हे तुम्ही ठरवा; जमत असेल तर थांबा, हात डोक्यावर असू द्या.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. हे औषध मेल्यानंतरही शरीरात राहतं. ते शरीर घारीनं किंवा भटक्या कुत्र्यानं खाल्लं तर तेही मरू शकतं. म्हणून मुळा-मुठेच्या काठावर गोणीत बांधून टाकणं नको. दहन करा, नाहीतर खोल खड्ड्यात पुरा.

आणि मुलांना 'त्याला झोपवलं' असं सांगू नका. चार-पाच वर्षांचं पोर मग रात्री झोपायला घाबरतं. 'तो खूप आजारी होता, तो मेला, आता परत येणार नाही,' हे त्याला कळतं. रडू द्या त्याला. तुम्हीही रडा त्याच्यासमोर.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : 'घरात दुसरी मांजर आहे, तिचं काय?' इंजेक्शनच्या वेळी तिला दुसऱ्या खोलीत ठेवा. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांसाठीच्या २००१च्या नियमांतही एका कुत्र्यासमोर दुसऱ्याला दयामरण देऊ नये असं होतं. नंतर मात्र तिला हवं असेल तर शरीर हुंगू द्या. ती काही दिवस घरभर शोधेल, ओरडेल, जेवण कमी करेल. पण मांजर पूर्ण दोन दिवस काहीच खात नसेल तर 'दुःख आहे, होईल बरी' म्हणत बसू नका. उपाशी मांजराचं यकृत पटकन बिघडतं. तिला घेऊन दवाखान्यात या.