वायफाय आहे, पण इंटरनेट नाही!

लॅपटॉपच्या पडद्यावर, खालच्या कोपऱ्यात, अर्धवट उघडलेल्या पंख्यासारखी एक खूण असते. पंख्याच्या सगळ्या पट्ट्या भरलेल्या दिसतात, म्हणजे वायफाय जोडलेले आहे. तरीही एकही पान उघडत नाही. शाळेच्या कार्यालयात परीक्षेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असावा आणि नेमके हेच घडावे, याचा अनुभव अनेक शिक्षकांना असेल.

अशा वेळी आपण काय करतो? लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करतो. राउटरची पिन उपसून पुन्हा बसवतो. पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून पाहतो. तेवढ्यात कुणीतरी पुढे येऊन राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसतो. पाच मिनिटांत पाच उपाय! इंटरनेट सुरू झाले, तर ते कशामुळे सुरू झाले हे कळत नाही. आणि नाही झाले, तर आणखी एक घोटाळा होऊन बसतो. त्या टाचणीने राउटर कोरा होतो. सेवा देणाऱ्याने त्यात भरून ठेवलेले नाव आणि पासवर्डही पुसले जाऊ शकतात. मग आधी दहा मिनिटांत निघाला असता असा बिघाड, त्यांचा माणूस येईपर्यंत तसाच राहतो.

खरे तर बिघाड शोधणे ही विज्ञानाची पद्धत शिकण्याची उत्तम संधी आहे. त्यासाठी संगणकतज्ज्ञ असावे लागत नाही. फक्त दोन गोष्टी लागतात : मधल्या दुव्यांची कल्पना, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा संयम.

साखळी कोणती?

आपण एखादे पान मागवतो तेव्हा आपली मागणी साधारणपणे पाच टप्प्यांतून जाते.

१. लॅपटॉप आणि राउटर यांच्यात रेडिओलहरींनी संपर्क होतो.
२. राउटर लॅपटॉपला एक पत्ता देतो. तो आकड्यांचा असतो.
३. राउटरपासून तारेने किंवा प्रकाशतंतूने बाहेरच्या जगाशी संपर्क होतो.
४. आपण टंकलेल्या नावाचे आकडी पत्त्यात रूपांतर होते.
५. त्या पत्त्यावरचा संगणक उत्तर देतो आणि आपला लॅपटॉप त्या उत्तरावर विश्वास ठेवतो.

आता ती पंख्याची खूण पाहा. तिच्या भरलेल्या पट्ट्या फक्त पहिल्या दुव्याची ताकद सांगतात. पुढचे चार दुवे तुटलेले असले तरी पट्ट्या भरलेल्याच दिसतील. काही लॅपटॉपवर अशा वेळी खुणेशेजारी उद्गारचिन्ह येते. पण चार दुव्यांपैकी कोणता तुटला, हे तेही सांगत नाही. ‘वायफाय आहे, पण इंटरनेट नाही’ या वाक्यात म्हणूनच काही विरोधाभास नाही. गावातला रस्ता चांगला आहे, पण गावाबाहेरचा पूल वाहून गेला आहे, असे म्हणण्यासारखेच ते आहे.

आधी साखळीचे दोन भाग करा

पाच दुवे एकेक करून तपासण्याऐवजी आधी साखळी मधोमध तोडून पाहावी. त्यासाठी सर्वांत सोपे साधन म्हणजे खिशातला मोबाइल. तो त्याच वायफायला जोडा आणि एखादे पान उघडून पाहा. मात्र त्याआधी मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करायला विसरू नका. नाहीतर वायफाय बंद असतानाही मोबाइल गुपचूप आपल्या डेटावरून पान आणील आणि आपला निष्कर्ष चुकेल. प्रयोगशाळेत ज्याला आपण ‘नियंत्रित प्रयोग’ म्हणतो, तो हाच.

मोबाइलवर पान उघडले, तर राउटर आणि त्याच्या पलीकडचे जग बहुधा ठीक आहे. दोष लॅपटॉपच्या बाजूला शोधायचा. मोबाइलवरही उघडले नाही, तर लॅपटॉपशी झटापट करण्यात अर्थ नाही. राउटरकडे आणि त्याच्या मागच्या तारेकडे वळायचे. एका चाचणीत अर्धे काम झाले.

पहिला दुवा : लहरींचा

वायफायच्या लहरी विद्युतचुंबकीय असतात, म्हणजे प्रकाशाच्याच जातीच्या. त्यांची वारंवारता मुख्यतः २.४ गिगाहर्ट्झ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या आसपास असते. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते : पहिल्या पट्ट्यासाठी सुमारे १२.५ सेंटिमीटर आणि दुसऱ्यासाठी सुमारे ६ सेंटिमीटर. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या वापरासाठी २००५ साली परवानामुक्त झाला. म्हणूनच आज कुणीही परवान्याशिवाय वायफाय लावू शकतो. पण त्याच पट्ट्यात ब्लूटूथही चालते आणि मायक्रोवेव्ह भट्टीही. ती २.४५ गिगाहर्ट्झवर चालते. शेजारी भट्टी चालू झाली की वायफाय अडखळते ते यामुळे.

या लहरी धातूवर आदळून परत फिरतात आणि पाण्यात शोषल्या जातात. लोखंडी कपाटामागे ठेवलेला राउटर म्हणजे पडद्याआड ठेवलेला दिवा. माणसाच्या शरीरातही पाणीच जास्त. त्यामुळे रिकाम्या वर्गात चांगले चालणारे वायफाय मुलांनी भरलेल्या वर्गात मंदावू शकते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगाने माहिती नेतात, पण भिंतींतून जाताना जास्त क्षीण होतात. शिवाय काही जुन्या लॅपटॉपना हा पट्टा ऐकूच येत नाही. मोबाइलला दिसणारे वायफाय लॅपटॉपच्या यादीत नसेल, तर हे कारण आठवा.

लहरींची ताकद डीबीएम या एककात मोजतात. त्यात शून्य म्हणजे १ मिलिवॅट, आणि दर वजा दहाला ताकद दहापट कमी. घरगुती राउटर साधारण १०० मिलिवॅटने बोलतो. लॅपटॉपपाशी वजा ७० डीबीएम पोहोचले तरी काम चालते, म्हणजे निघालेल्या शक्तीचा शंभर कोटीवा हिस्सा! मात्र संभाषण दोन्ही बाजूंनी व्हावे लागते. राउटरचे लॅपटॉपला ऐकू येते, पण लॅपटॉपचा क्षीण आवाज राउटरपर्यंत पोहोचत नाही, असेही होते. म्हणून पहिली तपासणी अगदी साधी : लॅपटॉप उचलून राउटरपासून दोन-तीन मीटरवर न्या. तिथे चालले, तर दोष अंतराचा किंवा अडथळ्याचा.

जवळ नेऊनही यादीत एकही नाव दिसत नसेल, तर लॅपटॉपचा रेडिओच बंद असण्याची शक्यता आहे. विमान-मोड चुकून चालू झालेला असतो, किंवा काही लॅपटॉपच्या कडेला असलेली छोटी कळ सरकलेली असते. कधी वीज वाचवण्यासाठी संगणक वायफायच्या कार्डाला झोपवतो आणि ते उठत नाही. सेटिंगमध्ये जाऊन वायफाय बंद करून पुन्हा चालू करावे. तेवढ्याने न भागल्यास लॅपटॉप पूर्ण बंद करून सुरू करावा.

दुसरा दुवा : पत्त्याचा

लहरींचा संपर्क झाला की लॅपटॉप विचारतो, ‘माझा पत्ता काय?’ राउटर आपल्याजवळच्या यादीतून एक रिकामा आकडा ठरावीक मुदतीसाठी देतो. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकली की हा पत्ता दिसतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. पण तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लगेच सावध व्हा. याचा अर्थ असा, की लॅपटॉपने विचारले, कुणीच उत्तर दिले नाही, आणि शेवटी त्याने स्वतःच एक पत्ता घेतला. या पत्त्याने बाहेर जाता येत नाही.

राउटर उत्तर का देत नाही? कधी तो अडकलेला असतो. कधी त्याच्याकडचे पत्ते संपलेले असतात. नेहमीच्या छोट्या जाळ्यात जास्तीत जास्त २५४ पत्ते असतात. त्यातला एक राउटरचा स्वतःचा. पुष्कळदा वाटपासाठी याहून कमीच राखून ठेवलेले असतात. सकाळी येऊन गेलेल्या मोबाइलांचे पत्तेही मुदत संपेपर्यंत अडकून राहतात. उपाय क्रमाने करावेत. आधी लॅपटॉपला ते वायफाय ‘विसरायला’ सांगून पुन्हा जोडावे. मग राउटर वीज काढून अर्धा मिनिट बंद ठेवावा आणि चालू केल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे. टाचणी मात्र नको! वीज काढणे म्हणजे झोपवून उठवणे. टाचणी म्हणजे स्मृती पुसणे.

तिसरा आणि चौथा दुवा : हाक मारून पाहा

अमेरिकेत माइक म्यूस या संशोधकाने डिसेंबर १९८३ मध्ये एक छोटा कार्यक्रम लिहिला आणि त्याला पिंग हे नाव दिले. पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून ते सुचले. काम तेच : एक हाक मारायची आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते मोजायचे. तो आजही बहुतेक संगणकांत असतो. कमांड प्रॉम्प्टवर पिंग हा शब्द इंग्रजीत टंकून, जागा सोडून, पुढे पत्ता लिहायचा. आकडेही इंग्रजीच.

आधी राउटरला हाक मारा. त्याचा पत्ता आयपीकॉन्फिगच्या उत्तरात ‘डिफॉल्ट गेटवे’ या नावापुढे दिसतो. उत्तर आले, तर पहिले दोन दुवे शाबूत. मग ८.८.८.८ ला हाक मारा. हा गूगलचा सर्वांसाठी खुला असलेला पत्ता आहे. तिथून उत्तर आले, तर तिसरा दुवाही शाबूत. राउटर बोलतो, पण ८.८.८.८ बोलत नाही, असे झाले तर बाहेरच्या तारेचा संशय घ्या. प्रकाशतंतूची जोडणी असेल, तर भिंतीवरच्या पेटीवर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा पाहा. तो लाल असेल, तर प्रकाशच पेटीपर्यंत पोहोचत नाही. तंतू वाकला किंवा तुटला असेल. आता सेवा देणाऱ्याला फोन करावा आणि नेमके हेच सांगावे. ‘नेट चालत नाही’ यापेक्षा ‘एलओएस लाल आहे’ हे वाक्य कितीतरी अधिक उपयोगी.

८.८.८.८ बोलतो, पण विकिपीडियाच्या नावाने हाक मारली की उत्तर नाही, असे झाले तर? तर चौथा दुवा तुटला आहे. नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. दूरध्वनीच्या यादीसारखी ती आहे : रस्ता मोकळा, पण यादी हरवली. लॅपटॉपच्या जोडणीच्या सेटिंगमध्ये नावे शोधून देणाऱ्या सेवेचा पत्ता म्हणून ८.८.८.८ भरला की बहुधा काम होते.

एक सावधगिरी : काही राउटर आणि काही संस्थांची जाळी पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. म्हणून उत्तर आले हा भक्कम पुरावा. उत्तर न येणे हा फक्त संशय.

शेवटचा दुवा : घड्याळ

सगळे दुवे शाबूत आहेत, तरी बहुतेक पाने ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे सांगून उघडत नाहीत. अशा वेळी लॅपटॉपवरची तारीख पाहा. आजकाल प्रत्येक पानासोबत त्याच्या खरेपणाचे एक प्रमाणपत्र येते आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असे लिहिलेले असते. जुन्या लॅपटॉपमधला घड्याळाचा सेल संपला, की तो कित्येक वर्षे मागे जातो. मग आजचे प्रमाणपत्र त्याला भविष्यातले वाटते आणि तो ते नाकारतो. तारीख आणि वेळ बरोबर केली, की काम झाले.

वर्गात करून पाहा

१. मोबाइलवर वायफायची ताकद डीबीएममध्ये दाखवणारी मोफत अ‍ॅप मिळतात. राउटरपासून १, २, ४ आणि ८ मीटरवर मोजमाप घ्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ताकद एक चतुर्थांश व्हावी, म्हणजे सुमारे ६ डीबीएमने घटावी. वर्गात तसे येते का? नसेल, तर भिंतींचा त्यात काय वाटा असावा?

२. राउटरसमोर लोखंडी पत्रा, सुके पुठ्ठे आणि पाण्याने भरलेल्या बाटल्यांची रांग आळीपाळीने ठेवून फरक नोंदवा.

३. मुंबई ते दिल्ली सरळ अंतर सुमारे ११५० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. तर दिल्लीच्या संगणकाला मुंबईहून मारलेल्या हाकेचा प्रतिध्वनी किमान किती मिलिसेकंदांत येईल? (उत्तर : सुमारे १२. प्रत्यक्षात जास्त लागतात. का?)

आणि राउटरशेजारी भिंतीवर एक वही टांगा. तारीख, काय दिसले, काय तपासले, काय निघाले, असे चार रकाने त्यात आखा. दहावीची मुले ती उत्तम सांभाळतात. दोन-तीन महिन्यांत त्या वहीवरून कळेल, की आपल्या शाळेत कोणता दुवा वारंवार तुटतो. मग नवा राउटर घ्यायचा, की फक्त जुना राउटर कपाटामागून काढून उंच ठेवायचा, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशीही ती वहीच सर्वांत आधी उघडावी.