आकडा कशाचा, हे कोण सांगणार?

२३ सप्टेंबर १९९९ रोजी ‘नासा’चे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळापाशी पोहोचले आणि त्याचा संपर्क कायमचा तुटला. यानाच्या छोट्या इंजिनांनी किती रेटा दिला, याचे आकडे ‘लॉकहीड मार्टिन’चे सॉफ्टवेअर पौंड-सेकंदांत देत होते; मार्ग ठरवणारी मंडळी ते न्यूटन-सेकंद समजून गणित मांडत होती. फरक जवळजवळ साडेचार पटींचा. वाईट याचे वाटते की मेट्रिक एकके वापरायची, हे ठरलेले होते, लिहिलेलेही होते. पण ते होते वेगळ्या कागदावर, आकड्याजवळ नव्हते.

आकडा कशाचा, कोणत्या एककात, कुणी आणि कधी नोंदवला, या माहितीला मेटाडेटा म्हणतात. मोठ्या कंपनीत हजारो टेबले असतात आणि एखाद्या रकान्यावर नुसते ‘रक्कम’ लिहिलेले असते. जीएसटी धरून की वगळून? परत आलेला माल वजा केला का? रुपयांत की हजारांत? विक्री विभागातल्या एखाद्याला हे तोंडपाठ असते. त्याने नोकरी सोडली की उत्तरही त्याच्याबरोबर जाते.

पूर्वी यासाठी चार-पाच जणांची समिती बसवून शब्दकोशासारखी जाडजूड सूची करून घेत. ती पुरी होईपर्यंत निम्मी टेबले बदललेली असत. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिला विकी सुरू केला आणि वाचणाऱ्याच्याच हाती दुरुस्तीची लेखणी दिली. कंपन्यांनीही विकी उचलले. तरी एक अडचण उरली: विकीचे पान एकीकडे, टेबल दुसरीकडे. टेबल बदलल्याचा पानाला पत्ताच नसे.

‘गूगल’ने २०१६ मध्ये आपल्या ‘गुड्स’ या अंतर्गत व्यवस्थेविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा तिच्यात २६ अब्जांहून अधिक डेटासंचांची नोंद होती. इतक्यांची वर्णने माणसे हाताने लिहूच शकत नाहीत. म्हणून कोणत्या प्रोग्रॅमने कोणता संच तयार केला, तो कशावरून बनला, कोण वाचतो, हे ‘गुड्स’ कामाच्या नोंदींतून मागाहून गोळा करत असे. माणसांनी त्यावर आपले शेरे जोडायचे. अमेरिकेतील टॅक्सीसेवा कंपनी ‘लिफ्ट’ने २०१९ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या ‘अमुंडसेन’ या सॉफ्टवेअरमध्ये शोध घेतला की जास्त वापरातली टेबले वर दिसतात, रकान्याचे वर्णन तिथल्या तिथे सुधारता येते आणि टेबल कुणाचे, नेहमी कोण वापरते, त्यांची नावेही समोर येतात. मला ही नावेच सर्वांत मोलाची वाटतात. वर्णन अपुरे असले तरी विचारायचे कुणाला, हे कळते.

मात्र सर्वांना लिहिता येते म्हणून जबाबदारी सर्वांची, असे मानले की ती कुणाचीच राहत नाही. ‘सक्रिय ग्राहक’ म्हणजे महिन्याभरात खरेदी करणारा, असे लेखा विभाग म्हणेल. जाहिरात विभागाला ॲप उघडणाराही चालेल. इथे चर्चा खुली हवी, पण अखेरची व्याख्या मान्य करणारी एक ठरलेली व्यक्ती लागतेच. आणि वर्णन लिहिण्यात गेलेला वेळ व्यवस्थापनाने कामाचा वेळ म्हणून धरला पाहिजे. तो धरला जात नाही, तिथे महागडे सॉफ्टवेअर आणूनही रकाने कोरेच राहतात.

तुमच्या ऑफिसात सगळे मिळून वापरतात ती एखादी एक्सेल फाइल आज उघडा. प्रत्येक रकान्याच्या शीर्षकाशी एकक लिहा, आणि विचारायचे कुणाला, त्या व्यक्तीचे नावही लिहा.