आरएक्स-७ चालू होत नाही? आधी पेट्रोल तोडा

माझदाच्या दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ (१९८५ ते १९९२) गाडीतल्या १३बी रोटरी इंजिनाची नेहमीची तक्रार म्हणजे ते ‘फ्लड’ होतं. थंड गाडी दोन हात पुढे सरकवून लगेच बंद केली, किंवा जुना इंजेक्टर गळू लागला, की आत पेट्रोल साचतं. ते रोटरच्या टोकांवरच्या अ‍ॅपेक्स सीलवरचा ऑइलचा थर धुऊन टाकतं, कॉम्प्रेशन पडतं आणि गाडी चालू होत नाही. अशा वेळी स्टार्टर मारत राहिलं, तर आणखी पेट्रोल आत जातं. बॅटरी संपते ती वेगळीच.

म्हणून पेट्रोल पंपाचा पुरवठा आधी तोडा. चारही प्लग काढून वाळवा. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, लीडिंग आणि ट्रेलिंग. त्यांच्या वायरींची अदलाबदल होऊ देऊ नका. ठिणगी पडू नये म्हणून इग्निशन कॉइलचं कनेक्शन काढून, थांबत थांबत स्टार्टर मारून साचलेलं पेट्रोल बाहेर काढा. मग प्लगच्या भोकांतून थोडं इंजिन ऑइल सोडा. त्यानं सील पुन्हा धरतात. प्लग, इग्निशन आणि पंप परत जोडून गाडी सुरू करा. सुरू झाल्यावर भरपूर धूर येईल, घाबरू नका.

तरीही सुरू झाली नाही, तर कॉम्प्रेशन तपासा. साधा गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत जास्त दाबच दाखवतो, एक सील तुटलेलं असलं तरी आकडा चांगला येतो. रोटरीसाठीचाच टेस्टर मागा. इंजिन उघडण्याचा निर्णय त्याशिवाय कुणालाही घेऊ देऊ नका.