उपकेंद्रांचे संगणक-जाळे : तार तुटली तर काय चालू राहावे?

देणगीतून काय उभे राहिले, हे देणगीदारांस सहसा डोळ्यांनी पाहता येते. रुग्णवाहिका, डायलिसिसचे यंत्र, नवा कक्ष, दारावरील नावाची पाटी. कुलूपबंद कपाटातील सर्व्हरवर आपल्या नावाची पाटी लावावी, असे आजवर कोणी सुचविलेले नाही. आणि त्यात कोणाचा दोषही नाही. तथापि, गावोगावची उपकेंद्रे मुख्य रुग्णालयास ज्या जाळ्याने जोडावयाची, त्याच्या आखणीतील काही निर्णय केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालत नाहीत. त्यांचा परिणाम अखेरीस रांगेत उभ्या असलेल्या रुग्णाच्या वाट्यास येतो. म्हणून हे निवेदन.

संगणकाच्या परिभाषेतील ‘डिरेक्टरी’ म्हणजे दूरध्वनीचे पुस्तक नव्हे. संस्थेचा हजेरीपट आणि चाव्यांची वही एकत्र बांधावी, तसे तिचे स्वरूप असते. कोण कर्मचारी आहे, त्याची ओळख कशाने पटवायची, कोणत्या नोंदी त्याने पाहाव्यात आणि कोणत्या पाहू नयेत, हे सर्व तीत असते. मायक्रोसॉफ्टची ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ २००० साली विंडोज २००० बरोबर आली. ‘सांबा’ या विनामूल्य प्रणालीच्या २०१२ मधील ४.० आवृत्तीपासून तसेच काम परवाना शुल्काशिवायही करता येऊ लागले. धर्मादाय संस्थेने हा पर्याय पारखून पाहण्याजोगा आहे. ही वही ज्या सर्व्हरवर असते, त्यास डोमेन कंट्रोलर म्हणतात. वही मुख्य रुग्णालयात असते आणि उपकेंद्रातील संगणक प्रत्येक वेळी तारेवरून तेथे विचारणा करतो.

तार शाबूत असेतो यात काही अडचण नाही. परंतु रस्त्याच्या खोदकामात केबल तुटणे ग्रामीण भागात नवे नाही. आमच्या एका उपकेंद्रात पावसाळ्यातील एका सकाळी असेच झाले. नोंदणी खिडकीवरील ताईंचे काम सुरू झाले. प्रयोगशाळेतील संगणक मात्र तंत्रज्ञास आत घेईना. खुलासा साधा होता. विंडोज संगणक, त्यावर पूर्वी काम केलेल्या व्यक्तींची ओळख स्वतःजवळ जपून ठेवतो. मुळात ही मर्यादा १० व्यक्तींची असते. ताई रोज त्याच संगणकावर बसत. प्रयोगशाळेतील नेहमीचे तंत्रज्ञ रजेवर होते आणि त्यांच्या जागी मुख्य रुग्णालयातून आलेल्या सहकाऱ्यास त्या संगणकाने पूर्वी कधी पाहिलेच नव्हते. रक्ताचे नमुने तपासून झाले, पण अहवाल हाताने लिहून द्यावे लागले, आणि नातेवाईक दुपारपर्यंत बाकांवर बसून राहिले.

यावर पहिला उपाय सुचतो तो असा, की वहीची एक प्रत उपकेंद्रातच ठेवावी. येथेच खरी अडचण आहे. मुख्य रुग्णालयातील सर्व्हर खोली कुलूपबंद असते, पहारा असतो. उपकेंद्रात तोच सर्व्हर औषधांच्या खोक्यांशेजारी, कदाचित जिन्याखाली असतो. संपूर्ण प्रत असलेला सर्व्हर कोणी उचलून नेला, तर एका उपकेंद्राची नव्हे, संपूर्ण संस्थेची चाव्यांची वही गेली. पासवर्ड त्यात जसेच्या तसे नसले, तरी त्यांपासून बनविलेल्या गुप्त खुणा असतात आणि जाणत्या चोरास तेवढ्या पुरतात. शिवाय संपूर्ण प्रतीत केलेला फेरफार मुख्य वहीतही उमटतो, म्हणजे जिन्याखालील सर्व्हरवरून साऱ्या रुग्णालयात शिरता येते.

विंडोज सर्व्हर २००८ पासून यावर मधला मार्ग उपलब्ध झाला : केवळ वाचण्याजोगी प्रत. या प्रतीत बाहेरून काही लिहिता येत नाही, आणि आपण नेमून दिलेल्या व्यक्तींच्याच पासवर्डच्या खुणा तीत उतरतात. मुख्य व्यवस्थापकांच्या खुणा मुळातच वर्ज्य असतात. असा सर्व्हर चोरीस गेला, तर त्यात कोणाकोणाच्या खुणा होत्या याची यादी मुख्य रुग्णालयात मिळते. तेवढ्यांचे पासवर्ड बदलले की निभावते.

मात्र ही सोय आपोआप फळत नाही. यादी आधीच विचारपूर्वक करावी लागते. आठवड्यातून एकदा येणारे बालरोगतज्ज्ञ आणि बदलीवरील सिस्टर यांची नावे तीत नसतील, तर तार तुटलेल्या दिवशी तेच बाहेर राहतील. आणखी एक बारकावा बहुधा निसटतो : व्यक्तींबरोबर उपकेंद्रातील संगणकांचीही नावे यादीत हवीत. डिरेक्टरीच्या दृष्टीने प्रत्येक संगणकास स्वतःचे खाते आणि स्वतःचा पासवर्ड असतो; तो स्थानिक प्रतीत नसेल, तर माणूस ओळखीचा असूनही काम अडते.

प्रत ठेवली तरी संगणकांस ती सापडली पाहिजे. हे काम डीएनएस ही पत्ते सांगणारी सेवा करते. ती फक्त मुख्य रुग्णालयात असेल, तर शेजारच्या खोलीतील सर्व्हरचा पत्ता विचारण्यासाठीही तुटलेल्या तारेवरूनच जावे लागेल! म्हणून डीएनएसही उपकेंद्रात हवी. तसेच कोणत्या क्रमांकांचे संगणक कोणत्या केंद्रातील, याची नोंद डिरेक्टरीत नसेल, तर संगणक जवळची प्रत सोडून दूरच्या सर्व्हरकडे धाव घेतात आणि सर्वांस वाटते की इंटरनेट मंद आहे. घड्याळांचेही तसेच. संगणकाचे घड्याळ सर्व्हरच्या घड्याळापासून ५ मिनिटांहून अधिक ढळले, तर ओळख नाकारली जाऊ शकते. जुन्या संगणकातील वाटोळ्या बॅटरीचा हा खेळ आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिला आहे.

दोन केंद्रांतील वह्या किती वेळाने जुळवाव्यात, हा प्रश्न तांत्रिक भासतो, पण तो प्रशासनाचा आहे. मूळ मांडणीत हे अंतर १८० मिनिटांचे असते. ते १५ मिनिटांपर्यंत आणता येते. सेवामुक्त केलेल्या कर्मचाऱ्याचे खाते मुख्य रुग्णालयात बंद केले, तरी उपकेंद्रातील प्रतीस ते तीन तासांनी कळू शकते. रुग्णांच्या नोंदींच्या बाबतीत एवढी सवड आम्हांस मान्य नाही.

प्रत्येक उपकेंद्रास सर्व्हर द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. चार-पाच संगणकांच्या, सायंकाळी बंद होणाऱ्या केंद्रास तो भारच आहे. तेथे मोबाइलवरील पर्यायी जोडणी, एक यूपीएस आणि कोऱ्या केसपेपरांचा गठ्ठा पुरेसा आहे. जेथे प्रसूतिकक्ष आहे व रात्रपाळी आहे, तेथे वाचण्याजोगी प्रत, कुलपाचे कपाट, आणि भिन्न मार्गांनी येणाऱ्या दोन जोडण्या अवश्य हव्यात. एकाच खांबावरून येणाऱ्या दोन तारा ही एकच तार समजावी.

नातेवाइकांसाठी प्रतीक्षागृहात वाय-फाय हवे, ही मागणी रास्त आहे. पण ते जाळे नोंदणी, प्रयोगशाळा आणि क्ष-किरण विभागाच्या जाळ्यापासून पूर्णतः वेगळे राहील. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे बरेचसे काम कागदावर करावे लागले. जाळ्याचे विभाग योग्य रीतीने पाडलेले नव्हते, असे सरकारने पुढे संसदेत सांगितले. देशातील अग्रगण्य संस्थेची ही कथा, तर जिन्याखालील सर्व्हरची काय!

यापुढे दर तिमाहीस एका उपकेंद्राची तार, पूर्वसूचना देऊन, तासभर मुद्दाम काढून ठेवावयाची असे योजिले आहे. त्या तासात कोणास आत जाता आले नाही, याची नोंद सिस्टर इनचार्ज वहीत करतील आणि यादी त्यावरून सुधारली जाईल. त्या वेळी नातेवाईक केंद्रात असल्यास त्यांनी कृपया सहकार्य करावे. केसपेपर हातानेच मिळेल, पण मिळेल.