मुरगळलेला घोटा आणि मुकी कूर्चा

नरडाण्याच्या काळ्या रानात कापूस वेचताना ढेकळावर पाय पडतो आणि घोटा मुरगळतो. हळद-तेल लावतात, सूज उतरते. पण काही महिन्यांनंतरही पायऱ्या उतरताना आत खोलवर ठणका लागत असेल, तर इजा कूर्चेची असू शकते.

नडगीखालच्या खाचेत टॅलस नावाचे हाड बसते. त्यावरची गुळगुळीत कूर्चा एक-दीड मिलिमीटर जाडीची. तिच्यात मज्जातंतू नाहीत, म्हणून ती स्वतः दुखत नाही. दुखते ते खालचे हाड. रक्तवाहिन्याही नाहीत, म्हणून जखम आपोआप भरत नाही. कूर्चेची जखम भरत नाही, हे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी 1743 मध्येच लिहून ठेवले होते.

साध्या एक्स-रेत ही इजा बऱ्याचदा निसटते, एमआरआयमध्ये सापडते.

जखम लहान असेल, तर सर्जन दुर्बिणीतून सुटलेले तुकडे खरवडून काढतात आणि उघड्या हाडाला तीन-चार मिलिमीटर अंतरावर बारीक छिद्रे पाडतात. आतून रक्त आणि मज्जा पाझरते, गुठळी धरते, तिची तंतुमय कूर्चा बनते. ही मूळ कूर्चेइतकी टिकाऊ नसते. जखम मोठी असेल, तर गुडघ्याच्या कमी भार येणाऱ्या भागातून कूर्चेसकट हाडाची गुल्ली काढून घोट्यात बसवतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कूर्चापेशींचा तिसरा मार्ग स्वीडनच्या डॉक्टरांनी 1994 मध्ये गुडघ्यासाठी जगापुढे मांडला.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पायावर भार टाकता येत नाही. मुरगळलेल्या घोट्याचा त्रास महिनोन्‌महिने रेंगाळला, तर मालिशीवर वेळ न दवडता अस्थिरोगतज्ज्ञांना घोटा दाखवा.