विमानतळावरील स्त्री-पहारेकरी

गेल्या वर्षी एका मोठ्या विमानतळावर आम्हांस आलेला अनुभव पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा असेल. तपासणीसाठी पुरुषांच्या रांगा चार, स्त्रियांची एक. आम्ही पुरुषमंडळी पलीकडे जाऊन पादत्राणे चढवून उभे राहिलो, तरी आमच्या वृद्ध मावशी पडद्याबाहेर तिष्ठतच होत्या. आत एकटीच मुलगी हातातील यंत्र फिरवीत होती. अंबाड्यातले आकडे, मंगळसूत्र, बांगड्या, प्रत्येकापाशी ते यंत्र ओरडे. तरी ‘माताजी, जरा हात वर’ हे तिचे शब्द शेवटपर्यंत मऊच राहिले!

हा खोळंबा कोणाच्या आळसाचा नव्हे. स्त्रीची झडती स्त्रीनेच, शालीनता राखून घ्यावी, हा आपल्या फौजदारी कायद्यातील दंडक विमानतळावरही पाळला जातो आणि ते योग्यच आहे. मात्र त्यास माणसे पुरेशी हवीत. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले आपले विमान कंदाहारास पळवून नेण्यात आले. त्यानंतर २००० सालापासून, प्रथम जयपुरास, विमानतळांचे रक्षण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येऊ लागले. त्या दलात स्त्रियांचे प्रमाण २०२४ सालीही शेकडा सातांहून थोडेच अधिक होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात, केवळ स्त्रियांची अशी १,०२५ जणींची पहिली तुकडी उभारण्यास सरकारने मंजुरी दिली.

आता प्रश्न आपल्या घरांचा. शिपाईपदास दहावी उत्तीर्ण, वय १८ ते २३, उंची सर्वसाधारणपणे १५७ सेंटिमीटर आणि साडेआठ मिनिटांत १.६ किलोमीटर धाव, एवढे लागते. २०२४ पासून परीक्षा मराठीतूनही देता येते. आमच्या पुतणीने हे सांगितले तेव्हा घरात भूकंपच झाला. मातोश्रींना चिंता रात्रपाळीची. बंधूंना बदलीची, कारण नेमणूक देशात कोठेही होते. आणि (हे उघड कोणीच बोलले नाही) परक्यांच्या अंगास हात लावण्याचे काम आपल्या मुलीने करावे काय? पहिल्या दोन अडचणी खऱ्या आहेत, त्या आम्ही नाकारीत नाही. तिसरीचे उत्तर मावशींनीच दिले. ‘मला तपासणारीही कोणाची तरी लेकच होती ना?’ एवढेच त्या म्हणाल्या.

पुतणी सध्या पहाटे टेकडीखालच्या मैदानावर धावते. अजून तिला साडेनऊ मिनिटे लागतात.